बांधावरचा पिवळा पळस

रानफुलं म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. चार जिल्हे ओलांडून कुठल्यातरी पठारावर जातात, फुलांत लोळून फोटो काढतात आणि निघताना वेफर्सची पाकिटं तिथंच टाकून येतात. आमच्या संभाजीनगरच्या आसपास फेब्रुवारी-मार्चात काय फुलतं, असं विचारून बघा. "इथं काय फुलणार, सगळं वाळलेलं असतं," हे उत्तर ठरलेलं. हे उत्तर देणाऱ्या एका माणसाच्या बुटाखाली त्याच वेळी भुईरिंगणीचं जांभळं फूल होतं. मी स्वतः पाहिलं. तो माणूस आमच्याच गटातला होता, पर्यावरणावर बोलायला आलेला.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. पाण्याचं, कचऱ्याचं, रस्त्याकडेच्या झाडांचं, नाल्याचं. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे आणि शेवटच्या ओळीत तारीख, वेळ, ठिकाण. मधे काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

फुलांच्या नादाला लागले तीसुद्धा पत्रकामुळंच. 'आपली रानफुलं वाचवा' असं एक काढायचं ठरलं होतं. आमच्यातल्या एकानं बजाजनगरमधल्या मोकळ्या प्लॉटवरून झकास पिवळ्या फुलाचा फोटो काढून आणला. काटेरी पानं, नाजूक पाकळ्या, मागं कारखान्याचं धुराडं. आम्ही सगळे खूश. छापायच्या आधी कुणीतरी तो छावणीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना दाखवला. सरांनी चष्मा वर केला, फोटो नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हा पिवळा धोत्रा. मूळचा मेक्सिकोचा. तुमचं पत्रक नक्की कुणाला वाचवतंय?"

त्या दिवसापासून मी सरांच्या ग्रुपात आहे. फोनवरचा ग्रुप, जिल्ह्यातली हौशी मंडळी, आणि सरांचा कारभार लष्करी. फूल समोरून, फूल मागून, पान वरून, पान खालून, अख्खं झाड, आणि जागा. यातलं एक जरी कमी पडलं तरी सरांचा दोन शब्दांचा मेसेज येतो: "पान कुठंय?" तुम्ही काट्यात गुडघे फोडून घेतलेले असोत, ऊन लागून ओकलेले असाल, सरांना घेणंदेणं नाही. पान कुठंय?

त्या ग्रुपात माझी बरीच भांडणं लागली, बहुतेक माझ्याशीच. घाणेरी बाहेरची. गिरिपुष्प बाहेरचं. गुलमोहर, ज्याच्या फांद्या तोडल्या म्हणून मी एकदा दिवसभर रस्त्यावर बसले होते, तोही समुद्रापलीकडचा. माणसांच्या बाबतीत आतले-बाहेरचे असं कुणी म्हटलं तर मी त्याला उभा करून बोलते. फुलांच्या बाबतीत सर तसं बोलू देतात, तेही अगदी हळू आवाजात, कारण गुलमोहर त्यांच्याही दारात आहे.

पण मग दिसायला लागलं ते कुणी दाखवलंच नव्हतं. नेपती: एक पान नाही, नुसता काटक्यांचा गुंता, आणि त्यावर विटेच्या रंगाची फुलं. धायटीचे लाल झुबके. उंटकटाऱ्याचा निळसर काटेरी चेंडू, ज्याचा नीट फोटो काढता काढता माझ्या दोन ओढण्या फाटल्या. लेण्यांच्या डोंगराखाली, रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, सगळीकडं. आमचा वसंत असा आहे. हिरवा नाही. आधी पानं झाडून टाकतो आणि मग फुलतो. मला तो फार आवडतो, आणि हे वाक्य मी आजवर कुठल्याही पत्रकात लिहू शकलेली नाही.

फोटोचं तंत्र मी चुकत चुकत शिकले. पिवळं फूल दुपारच्या उन्हात फोनला झेपत नाही, पाकळ्यांचा नुसता गोळा येतो. त्यावर सावली धरावी लागते. सुट्टीच्या दिवशी मी आईला सोबत नेते आणि ती पदर धरून उभी राहते. "फुलाला ऊन लागतंय म्हणं," ती म्हणते, "मला तर काय, मी लोखंडाचीच हाय." तरी पुढच्या रविवारी पिशवीत पाण्याची बाटली भरून माझ्या आधी दारात तीच उभी असते.

हे सगळं सांगायचं कारण मामाचा बांध.

माझ्या आईचं माहेर पिशोरच्या बाजारात ज्याचा माल जातो अशा एका गावात. गावाचं नाव सांगणार नाही, आणि एक-दोन खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत. का ते पुढं कळेल. आजोबांपर्यंत मेंढ्या होत्या. मामाकडं आता थोडं वावर आहे, अद्रक आणि मका, पाच-सहा शेळ्या, आणि एक मोठ्या पडद्याचा फोन. त्या फोनवर मामा रोज स्टेटस ठेवतो. शेळीला पिल्लू झालं, स्टेटस. अद्रकाला पाणी दिलं, स्टेटस. कुणी बघत नाही ही त्याची कायमची खंत.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी गेले होते. मामा मला गाडीवर वावरात घेऊन चालला होता. वाटेत पळस पेटलेले होते, जिकडं बघावं तिकडं केशरी. मामाच्या बांधावर आलो तर तिथला एक फिका दिसला. मला वाटलं ऊन पडलंय. गाडी थांबली. ऊन नव्हतं. झाडभर तीच पोपटाच्या चोचीसारखी फुलं, पण हळदीसारखी पिवळी.

"मामा, हे काय आहे?"

"पळस."

"पिवळा?"

"व्हय. तो तसलाच हाय पहिल्यापासून." मामा गाडीचा स्टँड लावत म्हणाला. "फांद्यांवर शेळ्या चढत्यात त्याच्या."

मी जी पळाले ती फुटलेल्या ढेकळांतून, चप्पल एक तिकडं, एक इकडं. पिवळ्या फुलांचा पळस फार क्वचित सापडतो. मी फक्त सरांच्या तोंडून ऐकला होता. फूल समोरून घेतलं. मागून घेतलं: नेहमीच्या पळसाच्या फुलाची मागची वाटी काळपट मखमली असते, ह्याची फिकट हिरवट होती. अख्खं झाड घेतलं. आणि मग कानात सरांचा आवाज: पान कुठंय? झाडावर एक पान नव्हतं. बांधाखाली पाचोळ्यात हात घालून घालून एक वाळकं, पण तिन्ही दलं जोडलेली असलेलं पान मिळवलं आणि तळहातावर ठेवून वरून, खालून दोन्हीकडून घेतलं. मामा हे सगळं बघत होता.

"इतकं भारी हाय का ते?"

आणि मी त्याला सांगितलं. किती भारी आहे ते अगदी सविस्तर, पत्रकी थाटात. मामाचा चेहरा बदलत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बांधाला कुणी दुर्मिळ म्हटलं होतं.

घरी येऊन मी सगळे फोटो ग्रुपात टाकले, जागेसकट. चहा व्हायच्या आत सरांचा फोन. सर कधी फोन करत नाहीत.

"आधी ते काढून टाक. मग बोलू."

"सर, पान आहे त्यात."

"पान राहू दे. जागा काढ. सगळंच काढ."

मी काढलं. मग सरांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांना असाच एक सापडला होता, दुसऱ्या तालुक्यात. आनंदाच्या भरात त्यांनी चारचौघांना जागा सांगितली. पुढच्या वसंतात गेले तर बुंध्याला साल नव्हती. चारी बाजूंनी सोललेली, मुळं उकरलेली, झाड उभं वाळलेलं. पांढऱ्या-पिवळ्या पळसाच्या सालीनं, मुळीनं जमिनीतलं गुप्तधन दिसतं असं मानणारे लोक आहेत, आणि ते लांबून येतात. "अमावस्या बघून येतात," सर म्हणाले. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या असते.

मी बाहेर आले. मामा ओट्यावर बसून फोनकडं बघत हसत होता.

"भाचीबाई, आज बघ. पिशोरच्या किराणावाल्यानंसुद्धा बघितलं."

स्टेटसवर झाड, झाडाखाली मामा, छाती काढून. वर लिहिलेलं: 'अतिदुर्मिळ पिवळा पळस. आपल्या बांधावर.'

"मामा, काढा ते."

"का म्हून? आजवर माझा साडू माझं स्टेटस बघत नव्हता. आज त्यानं अंगठा पाठवलाय."

मी कारण सांगितलं. मामा फोनला हात लावेना. मामी आत भाकरी थापत होती. मामी कमी बोलते. बोलते तेव्हा थापण्याचा आवाज थांबत नाही. ती आतूनच म्हणाली, "लग्न होऊन आले तवापासून मी त्या झाडाखाली जेवते. त्याला कुणी हात लावला तर जेवण तुमचं तुम्ही करायचं." तेव्हा कुठं स्टेटस निघालं. पण तोवर ते जिथं पोचायचं तिथं पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर पांढरी गाडी आली. तिघं उतरले. अगदी सभ्य माणसं, इस्त्रीचे कपडे, एकाच्या कपाळाला भस्म. मी आणि मामा तिथंच होतो. मला उतरत्या उन्हातला फोटो हवा होता आणि मामाला मला एकटं सोडायचं नव्हतं.

"दादा, नमस्कार. तेवढी थोडी साल आणि उत्तरंकडची एक मुळी लागंल. उद्या येतो आम्ही, मुहूर्तावर. आज नुसतं बघून जातो. तुमचा मान तुम्हाला भेटंल."

मामा माझ्याकडं बघू लागला. मी पुढं झाले. हे माझं काम होतं. असल्या अंधश्रद्धेवर मी पत्रकं लिहिलेली आहेत, भाषणं केलेली आहेत. मी सुरुवात केली. साल काढली की झाड मरतं, जमिनीतलं धन वनस्पतीला कळत नाही, कळलं असतं तर शेळ्या श्रीमंत झाल्या असत्या, तुम्ही शिकलेले लोक, लाज वाटायला पाहिजे. चांगलं झालं भाषण. तिघांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकानं तर फोनवर रेकॉर्ड केलं.

मग भस्मवाला दुसऱ्याला हळूच म्हणाला, "खरा हाय. बनावट असता तर एवढं अडवलं नसतं."

मी जितकं जोरात सांगणार तितकी त्यांची खात्री वाढणार होती. मामाला बाजूला नेऊन मी म्हटलं, पोलिसांना फोन करू, वन खात्याला करू. मामा म्हणाला, "म्हंजे अजून चार गाड्या येतील." एक फलक लावू म्हटलं, 'या झाडात जादू नाही.' पण बांधावर फलक लावला तर वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला कळणार होतं की इतक्या पळसांत नेमका कुठला.

तेवढ्यात मामी आली. उपासाची भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचा डबा डोक्यावर, हातात पाण्याची कळशी. तिनं गाडी बघितली, माणसं बघितली, माझं तोंड बघितलं. डबा खाली ठेवला.

"कुठले पाव्हणे?"

"झाड बघायला आलो वहिनी."

"त्या रोगट झाडात काय बघायचं?"

"रोगट?"

"मंग काय." मामी कळशी टेकवत म्हणाली. "चांगला लाल फुलायचा. मागच्या साली पलीकडच्या भाऊजींनी तणनाशक मारलं बांधाला. वारं आमच्याकडचं. औषध उतरलं मुळात. तवापासून पिवळा पडलाय बघा. मका नाय का पडत पिवळा? तसंच. आमच्या ह्यांना वाटलं नशीब उघडलं, टाकलं फोनवर."

तिघं झाडाकडं बघू लागले. शेतकऱ्यांचीच माणसं असावीत. औषधानं पिवळं पडलेलं पीक त्यांनी पाहिलेलं होतं. भस्मवाला मात्र हलेना. "काल तर दादांनी दुर्मिळ लिहिलं होतं."

"ते काय बी लिहित्यात. शेळीला जुळं झालं तरी दुर्मिळ लिहित्यात. ही भाची शिकलेली हाय, शहरात राहते. ह्यातलंच काम करते. तिला विचारा की."

सगळे माझ्याकडं वळले. मामी डब्याचं झाकण काढत होती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

मी धडधडीत खोटं बोलायचं होतं, तेही विज्ञानाच्या नावानं, आणि तेही एका निरपराध शेजाऱ्यावर घालून. सालीशिवाय उभा बुंधा डोळ्यांपुढं आला.

"व्हय," मी म्हटलं. "तणनाशकानं."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवणारं कुणी नव्हतं. तणनाशक माझा जुना शत्रू. त्यानं माती कशी जाते, गांडुळं कशी मरतात, बांधावरची रिंगणी, माका, आघाडा कसा नाहीसा होतो, फवारणाऱ्या माणसाच्या हातावर काय उठतं, हे मी सांगत सुटले. त्यातलं झाडाच्या रंगाचं तेवढं खोटं, बाकी अक्षर न् अक्षर खरं, आणि मनापासून. "ही साल पोटात गेली किंवा अंगाला लागली तर काय होईल मला सांगता येणार नाही," मी शेवटी म्हटलं, "मी तर हात धुतल्याशिवाय जेवणार नाही." आणि कळशीतलं पाणी घेऊन खरोखर हात धुतले.

भस्मवाल्यानं बुंध्यावर टेकलेला हात काढला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून ते निघाले. जाताना एकजण मामाला म्हणाला, "वाईट झालं दादा. केस टाका त्या शेजाऱ्यावर."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मामा मटकन खाली बसला. "माझी इज्जत घालवली तुम्ही दोघींनी मिळून," तो म्हणाला. "आता बाजारात काय सांगू?"

"रोग पडलाय म्हणून सांगा," मामी म्हणाली. "आणि तसंच फोनवर टाका. आजच." मामानं टाकलं. 'बांधावरच्या पळसाला औषध लागले. शेतकरी बांधवांनी काळजी घ्यावी.' आदल्या दिवसापेक्षा जास्त लोकांनी बघितलं. साडूनं रडका चेहरा पाठवला.

अमावस्येच्या दिवशी आम्ही तिघंही आळीपाळीनं बांधावर होतो. कुणी आलं नाही. आलं ते संध्याकाळी, गेल्या पावसाळ्यातच पलीकडचं वावर घेतलेले भाऊजी, तणतणत. "मी मारलं म्हून सांगता? माझा फवारायचा पंप दिवाळीपासून बंद पडलाय." मामीनं त्यांना बसवलं, चहा दिला. मला वाटलं आता खरं सांगेल. मामी म्हणाली, "दिवाळीच्या आधी मारलं असंल की, भाऊजी." भाऊजी विचारात पडले. दिवाळीच्या आधी त्यांनी मारलं होतं. चहा अर्धा ठेवून ते उठले आणि झाडाकडं बघत बघत गेले.

मी मामीशी भांडले. त्या बिचाऱ्याला उगीच लागून राहील, हे बरोबर नाही, म्हटलं. मामी भांडी घासत होती. "त्याला खरं सांगितलं तर आठवडी बाजारापर्यंत पोचंल. झाड पाहिजे का खरं पाहिजे, ते तूच सांग. तुझी तर संघटना हाय."

मी तिनं घासलेली भांडी विसळायला घेतली.

सरांना मी नंतर छावणीत जाऊन भेटले. फोटो फोनवरच दाखवले, पाठवले नाहीत. त्यांनी फूल मागून पाहिलं, पान खालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. जागा विचारली नाही. तणनाशकाची गोष्ट ऐकून चष्मा काढून हसले आणि मग म्हणाले, "हे कुठं छापू नकोस." छापते आहे, पण खुणा बदलून. भाऊजी वाचत नाहीत; आणि वाचलंच तर भाऊजी, माफ करा, पण कुणाला सांगू नका.

यंदाच्या वसंतात पुन्हा गेले. झाड तसंच, सालीसकट, फुललेलं. बुंध्याभोवती कुणीतरी आळं केलं होतं आणि शेणखत घातलं होतं. मामाला विचारलं तर त्यानं मानेनं पलीकडं दाखवलं. भाऊजींनी त्यानंतर बांधाला पंप लावलेला नाही. त्यांच्या बाजूला रिंगणी आलीय, उंटकटारा आलाय. मी जाऊन दोन्हींचे फोटो काढले, पानासकट.

काढत असताना भाऊजी आले. हातात बादली होती. ती त्यांनी आळ्यात ओतली आणि मान वर करून त्या सगळ्या पिवळ्या फुलांकडं बघितलं.

"उतरंना अजून," ते म्हणाले. "पिवळाच येतोय."

मामी जेवायला बसली होती, बुंध्याला पाठ लावून. तिनं घास गिळला.

"मुळात गेलंय, भाऊजी," ती म्हणाली. "वेळ लागंल."